‘अमेरिकन ब्युटी’चं उदाहरण घेऊन : चित्रपटाच्या समीक्षक-प्रतिसादावर लेख कसा लिहावा

‘समीक्षकांनी चित्रपटाचं कौतुक केलं, काहींनी टीकाही केली’ हे वाक्य कुठल्याही चित्रपटाला चिकटवता येतं, म्हणून ते लिहूच नये. कोण, कधी आणि नेमकं कशाबद्दल काय म्हणालं, ते सांगावं. ‘अमेरिकन ब्युटी’ (१९९९) हे सरावासाठी उत्तम उदाहरण आहे. बेचाळिशीतला, नोकरीला आणि संसाराला विटलेला उपनगरातला गृहस्थ, सॅम मेंडिसचं चित्रपट-दिग्दर्शनातलं पदार्पण, अ‍ॅलन बॉलची पटकथा. आणि तेव्हाच्या व आताच्या मतांत भलतीच तफावत.

आधी कालखंड पाडा. इथे पहिला खंड सप्टेंबर १९९९ पासूनचा : टोरंटो महोत्सव (तिथे प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला) आणि लगोलग अमेरिकेतलं प्रदर्शन. दुसरा २६ मार्च २००० च्या ऑस्कर सोहळ्यापर्यंतचा. तिसरा त्यानंतरच्या फेरविचाराचा, आणि त्याचे २०१७च्या आधीचा व नंतरचा असे दोन तुकडे करावे लागतात. ऑक्टोबर २०१७ पासून नायक केव्हिन स्पेसीवर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप झाले. मुलीच्या मैत्रिणीवर लट्टू झालेल्या बापाची भूमिका त्यानंतर पूर्वीसारखी पाहणं कठीण झालं. तो लंडनच्या खटल्यात २०२३ साली निर्दोष सुटला, हेही तिथल्या तिथे नोंदवा. मात्र २०१८चं मत १९९९च्या परिच्छेदात घुसलं, की सगळा लेख खोटा वाटू लागतो.

मग परीक्षणं जमवा. बारा ते पंधरा पुरतात, पण ती दैनिकं, साप्ताहिकं आणि चित्रपट-व्यवसायाची नियतकालिकं अशी विखुरलेली हवीत, आणि निदान चार-पाच नापसंतीची असावीत. अमेरिकन समीक्षक रॉजर ईबर्टने चारपैकी चार तारे दिले होते. असं ठळक नाव सहज सापडतं, विरोधी मत शोधावं लागतं. पोस्टरवरची वाक्यं अजिबात घेऊ नका. तिथली तीन टिंबं बहुधा ‘पण’ गिळून बसलेली असतात. ऑनलाइन संग्रहात दिसणारी तारीख कित्येकदा लेख चढवल्याची असते, छापल्याची नव्हे. तीही ताडून पाहा.

प्रत्येक परीक्षणाची एक ओळ तक्त्यात भरा : मूळ तारीख, समीक्षक, नियतकालिक, निकाल, आणि पटकथा, अभिनय, छायाचित्रण, शेवट यांवरचं म्हणणं. अशा चित्रपटासाठी आणखी दोन रकाने ठेवा. एक, उपनगरी जगण्याची ही थट्टा आहे की कणव? दोन, बायकोचं पात्र माणूस म्हणून उभं राहतं की नुसतं हास्यास्पद? मध्यमवयीन पुरुषाच्या घुसमटीवरच्या चित्रपटांचे खरे वाद इथेच पेटतात, आणि ‘अभिनय उत्तम’ या रकान्यातून ते कधीच दिसत नाहीत.

तक्ता भरला की आडवा नव्हे, उभा वाचा. लेखही तसाच मुद्द्यांनुसार लिहा. ‘अमुक म्हणाला, तमुक म्हणाला’ अशी रांग लावली की वाचक तिसऱ्या नावाला गळतो. वाऱ्यावर भिरभिरणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीचं दृश्य घ्या. त्यावर ‘मतं संमिश्र होती’ हे वाक्य निकामी. त्याऐवजी : ‘ज्या दृश्यात काहींना चित्रपटाचा गाभा सापडला, तेच इतरांना उसन्या तत्त्वज्ञानाचा नमुना वाटलं, पुढे त्याची विडंबनंही झाली.’ आता भांडण कशावरून आहे ते कळतं. ‘संमिश्र’ हा शब्द सगळेच मध्यम खूश असतील तेव्हा वापरा. निम्मे भारावलेले आणि निम्मे चिडलेले असतील, तर ते दुभंगलेपण आहे, तसंच लिहा.

आकडे वापरताना सर्वांत जास्त चुका होतात. रॉटन टोमॅटोज या परीक्षणं एकत्र करणाऱ्या संकेतस्थळाची टक्केवारी म्हणजे गुण नव्हेत, अनुकूल परीक्षणांचं प्रमाण आहे. प्रत्येकाने ‘ठीक आहे, बघा’ म्हटलं तरी शंभर टक्के येतात. तसंच दुसरं संकेतस्थळ मेटाक्रिटिक भारांकित सरासरी काढतं, म्हणजे काही समीक्षकांच्या मताला जास्त वजन देतं. ते संकेतस्थळ २००१ साली सुरू झालं, म्हणजे १९९९च्या चित्रपटाचा तिथला आकडा मागाहून जमवलेला. ‘प्रदर्शित होताच इतके गुण मिळाले’ हे वाक्य म्हणूनच चूक. टक्केवारी बदलती असते, सोबत पाहिल्याची तारीख द्या.

पुरस्कार आणि कमाई दोन ओळींत उरका. आठ ऑस्कर नामांकनं, पाच विजय : चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता, मूळ पटकथा आणि छायाचित्रण (कॉनराड हॉल). बायकोची भूमिका करणाऱ्या अ‍ॅनेट बेनिंगला ऑस्कर हुकलं, बाफ्टा हा ब्रिटिश चित्रपट-पुरस्कार मिळाला. सुमारे दीड कोटी डॉलरच्या खर्चावर जगभरात पस्तीस कोटींहून अधिक गल्ला जमला. यातलं काहीच समीक्षकांचं मत नव्हे. ऑस्करला चित्रपटसृष्टीतले सदस्य मतं देतात.

फेरविचाराच्या भागात ‘काळाच्या कसोटीवर टिकला नाही’ असा शेरा मारून मोकळे होऊ नका. चित्रपट तोच आहे, बघणाऱ्यांचे प्रश्न बदलले. कोणता प्रश्न नवा आणि कोणता १९९९ मध्येच कुणीतरी विचारला होता, हे तक्त्यातून शोधा. बायकोच्या पात्राबद्दलची कुरकुर पहिल्याच खंडात सापडली, तर ती ‘आजची दृष्टी’ म्हणून खपवू नका. त्या समीक्षकाचं नाव आणि तारीख देऊन ती पहिल्या खंडातच मांडा.