कम्युनिटी कॉलेजात नाव घालताय? आधी त्या एका ऑफिसात जाऊन या

ऑगस्ट जवळ आला की मला हमखास फोन येतात. नवऱ्याच्या नोकरीमुळे नुकत्याच अमेरिकेत आलेल्या मुलींचे, हायस्कूल संपत आलेल्या मुलांच्या आयांचे. प्रत्येकीला मी तासभर तेच सांगते, आणि तरी त्यातल्या निम्म्या जणी माझीच चूक पुन्हा करतात: अपंगत्वासाठी सोयी देणाऱ्या ऑफिसात वेळेवर जात नाहीत. म्हणून हे लिहून काढलं.

आधी एक गोष्ट. आपल्या लोकांत कम्युनिटी कॉलेजचं नाव निघालं की नाकं मुरडली जातात. ‘तिथे कोण जातं?’ हे वाक्य मी गणपतीच्या पंगतीत इतक्यांदा ऐकलंय की आता सरळ उत्तर देते: मी गेले. साधारण साठ क्रेडिटची (अभ्यासक्रम मोजायचं इथलं एकक) दोन वर्षांची पदवी करायची आणि मग चार वर्षांच्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जायचं, हा इथला रुळलेला रस्ता आहे. १९०१ साली इलिनॉयमधल्या जोलिएटला असं पहिलं सरकारी कॉलेज निघालं, आणि आता सर्वांना दार उघडं ठेवणं हेच या कॉलेजांचं काम. चाळिशीतली बाई आणि अठराचा मुलगा शेजारी बसतात, कुणाला त्याचं काही वाटत नाही.

व्हिसाचं थोडक्यात: एच-४ वर (एच-१बी नोकरदाराच्या जोडीदाराचा व्हिसा) पूर्णवेळ शिकता येतं, एफ-२ वर (विद्यार्थ्याच्या जोडीदाराचा) पदवीचा अभ्यास अर्धवेळच. फी राज्याच्या रहिवाशाला कमी पडते. रहिवासी कोणाला म्हणायचं ते प्रत्येक राज्य वेगळं ठरवतं, ते प्रवेशाच्या ऑफिसात विचारा. भारतातल्या मार्कशीटचं मूल्यांकन लवकर करायला टाका.

आता खरी गोष्ट. माझा डावा कान लहानपणीच गेला आहे. माहेरी लग्न ठरेपर्यंत त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही असा दंडक होता, आणि ती सवय मी सामानाबरोबर इथे आणली. प्रवेशाच्या वेळी कॉलेजने ‘ॲक्सेसिबिलिटी सर्व्हिसेस’चा, म्हणजे अपंग विद्यार्थ्यांची सोय बघणाऱ्या ऑफिसचा, कागद हातात दिला होता. मी तो घडी करून पर्समध्ये ठेवला आणि विसरले.

अकाउंटिंगचा वर्ग घेतला. सर फळ्याकडे तोंड करून बोलायचे. मी पहिल्या रांगेत उजवा कान त्यांच्याकडे करून बसायचे, पण पाठमोऱ्या माणसाचे ओठ दिसत नाहीत. एका गुरुवारी त्यांनी फळ्याकडे बघतच परीक्षा अलीकडे आणल्याचं सांगितलं. मंगळवारी मी वही उघडायला गेले, तर सगळ्यांच्या बाकावर फक्त पेन्सिल आणि कॅल्क्युलेटर. तो पेपर गेला, पाठोपाठ पुढचाही गेला. वर्ग सोडायची शेवटची तारीख उलटून गेली होती. बाहेरच्या राज्याच्या दराने भरलेली हजार डॉलरहून जास्त फी बुडाली आणि मार्कपत्रकावर ‘एफ’ (नापास) कायमचा बसला.

त्यानंतर त्या ऑफिसात गेले. समोरच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, पहिल्या दिवशी आला असतात तर वर्गात थेट कॅप्शनची, म्हणजे बोललेलं लगेच पडद्यावर लिहून दाखवायची, सोय केली असती. झालेल्या परीक्षेला मात्र आता काही करता येत नाही. हे डोक्यात पक्कं बसवा: सुविधा मागितल्या दिवसापासून पुढे लागू होते, मागे जात नाही. नापास झाल्यावर कागद दाखवून उपयोग नाही. सेमिस्टर सुरू व्हायच्या निदान महिनाभर आधी जा.

रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही म्हणतात, ते या देशात शब्दशः खरं आहे. कायदा भक्कम आहे, पण तुम्हाला शोधत कुणी येणार नाही. अपंगांशी भेदभाव करायला मनाई करणारं १९७३ च्या रिहॅबिलिटेशन ॲक्टचं कलम ५०४ केंद्राचे पैसे घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजला लागू आहे, आणि २६ जुलै १९९० रोजी त्याच हक्काच्या अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज ॲक्टवर सही झाली. हे कुणी ताटात आणून वाढलेलं नाही. ५०४ ची नियमावली निघावी म्हणून १९७७ च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत अपंग आंदोलक तीन आठवड्यांहून जास्त ठाण मांडून बसले होते. त्यांनी मिळवलेला हक्क पर्समध्ये घडी करून ठेवला, याचं मला आजही वाईट वाटतं. हा हक्क नागरिकत्व बघत नाही. सुविधेचे पैसे कॉलेज तुमच्याकडून घेऊ शकत नाही. प्राध्यापकाला फक्त काय सोय करायची त्याचं पत्र जातं, आजाराचं नाव जात नाही. ‘आपल्या ग्रुपमध्ये कळेल’ ही भीती तर मनातून काढूनच टाका.

दुसरा खड्डा मुलांच्या बाबतीतला. ओळखीतल्या एका मुलाला डिस्लेक्सिया (वाचण्या-लिहिण्यातली अडचण) होता. हायस्कूलमध्ये त्याचा ‘आयईपी’ (त्याच्यापुरता आखलेला शिक्षणाचा आराखडा) होता, शाळा आपणहून आईला बोलावून सगळं ठरवायची. कॉलेजातही तसंच चालू राहील असं घरच्यांनी धरलं. आयईपी हायस्कूलबरोबर संपतो. कॉलेजात मुलाने स्वतः जाऊन सांगायचं, स्वतः पत्र घ्यायचं, बहुतेक ठिकाणी दर सेमिस्टरला नव्याने. आईने फोन केला तर ऑफिस सहसा मुलाच्या लेखी संमतीशिवाय काही बोलत नाही. विद्यार्थ्यांच्या नोंदी खाजगी ठेवणाऱ्या १९७४ च्या फेर्पा कायद्याने कॉलेजातल्या नोंदींवर हक्क मुलाचा असतो. त्या माऊलीला वाटलं, आपला अपमान केला. अपमान नव्हता. पण आपल्याकडे वीस वर्षांच्या मुलाचा फॉर्मही आई भरते, तेव्हा हे जड जातं. दहावी-अकरावीपासूनच शाळेतल्या मीटिंगला मुलाला बोलू द्या. आणि शाळेत चाचणी फुकट होते तोवर ताजा रिपोर्ट करून घ्या. नंतर बाहेर हीच चाचणी हजार डॉलरच्या सहज पुढे जाते.

भारतातल्या प्रमाणपत्राबद्दल. आपल्याकडे सगळा भर अपंगत्वाच्या टक्क्यांवर, चाळीसच्या वर की खाली. इथल्या ऑफिसला टक्के नको असतात. वर्गात, परीक्षेत, कॉम्प्युटरवर नेमकं काय अडतं ते हवं असतं. ‘डावा कान पंचाऐंशी टक्के’ याऐवजी ‘बोलणारा पाठमोरा असेल किंवा दोघं एकदम बोलले तर शब्द कळत नाहीत’ असं सांगा. डॉक्टरांकडूनही तसंच लिहून घ्या, इंग्रजीत.

ऑफिसचं नाव प्रत्येक कॉलेजात वेगळं असतं, कॅलिफोर्नियात ‘डीएसपीएस’ म्हणतात. काम तेच.

आता कार्यक्रमांचं, कारण इथे आपले लोक फारच गमावतात. सेमिस्टरच्या तोंडावर ओरिएंटेशन, मग विद्यापीठांची माणसं येतात तो ट्रान्सफर फेअर, नोकरी मेळावा, मे महिन्यात पदवीदान. नाटकं आणि व्याख्यानं तर बाहेरच्यांनाही खुली असतात. यातल्या प्रत्येक जाहिरातीच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात एक ओळ असते: सुविधा हवी असल्यास अमुक तारखेपर्यंत कळवा. सगळे वर वेळ आणि खाली पार्किंग बघतात. ती ओळ वाचा. खुणांच्या भाषेचा दुभाषी किंवा कॅप्शन टाइप करणारी व्यक्ती बहुधा बाहेरून बोलवावी लागते, आदल्या रात्री ती मिळत नाही.

पहिल्यांदा मी तशी मागणी केली ती एका ट्रान्सफर फेअरच्या व्याख्यानासाठी. पडद्यावर वक्त्याचं बोलणं अक्षर अक्षर उमटत होतं. मध्येच कंसात ‘हशा’ असा शब्द आला, आणि त्या क्षणी मला कळलं की सभागृह हसतंय. वाक्य पडद्यावर होतंच, मीही हसले. शेजारच्या बाईंनी वळून बघितलं, त्याही हसत होत्या. तिशी ओलांडल्यावर पहिल्यांदा मी सगळ्यांबरोबर हसले होते.

ही सोय फक्त विद्यार्थ्यांसाठी नसते. पदवीदानाला भारतातून सासू-सासरे येणार असतील आणि गुडघ्यांमुळे पायऱ्या चढवत नसतील, तर व्हीलचेअरची जागा आणि बरोबर बसणाऱ्याची खुर्ची आधी मागून ठेवा. मोठ्या सभागृहात ऐकण्याचं यंत्र दारापाशी मागितल्यावर मिळतं, अनेकदा ओळखपत्र ठेवून घेतात. श्रवणयंत्र लावणाऱ्यांनी आवाज थेट यंत्रात पोचवणारा, गळ्यात घालायचा लूप मागावा आणि तो आवाज पकडणारा श्रवणयंत्रातला ‘टी-कॉइल’ चालू करून घ्यावा. ऑडिओलॉजिस्ट (कान तपासणारे तज्ज्ञ) विचारल्याशिवाय तो चालू करत नाहीत असं मी पुष्कळ ठिकाणी पाहिलंय.

वेबसाइटवरचा फॉर्म की-बोर्डने भरता येत नसेल, व्हिडिओला कॅप्शन नसतील, तर तेही कळवा. २०२४ मध्ये न्याय खात्याने सरकारी संस्थांच्या वेबसाइट अपंगांना वापरता याव्यात म्हणून नियमच काढला आहे, आणि बहुतेक कम्युनिटी कॉलेजं सरकारीच असतात.

मेल लिहायला घाबरू नका, चार ओळी पुरतात: कार्यक्रमाचं नाव, तारीख, काय अडतं, काय हवं. ‘जमलं तर’ आणि ‘त्रासाबद्दल क्षमस्व’ लिहू नका. तीन दिवसांत उत्तर आलं नाही तर त्याच मेलवर पुन्हा विचारा आणि चौथ्या दिवशी प्रत्यक्ष जा.