हाल झालेलं स्लायडर कासव सांभाळायला घेतल्यावर

सर्वांत आधी कासव नीट ओळखा. डोळ्यामागे लाल पट्टा, बोटांमध्ये पडदे आणि चपटं हिरवट कवच असेल, तर ते पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारं अमेरिकन रेड-इअर्ड स्लायडर. घुमटासारख्या कवचावर पिवळ्या चांदण्या असतील, तर ते स्टार कासव. ते आणि आपल्या नदी-तळ्यांतली देशी कासवं घरी ठेवायची नाहीत, उपचारांपुरतीसुद्धा नाहीत. महाराष्ट्रात वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करून ती सोपवायची. पुढचं सगळं फक्त स्लायडरसाठी आहे.

वाडग्यात वर्षानुवर्षं ठेवलेल्या स्लायडरचे डोळे बहुधा सुजून मिटलेले असतात, कवच दाबलं की दबतं, मान आणि पाय ओढल्यासारखे दिसतात. असा जीव हातात आला की माणूस पहिल्यांदा खायला घालतो, आणि तिथेच चुकतो. कासवाच्या अंगाची उष्णता बाहेरून येते. अंग गार असेल तर आतडी हलत नाहीत आणि पोटात गेलेलं अन्न तसंच पडून सडतं. म्हणून आधी ऊब, मग पाणी, आणि खाणं शेवटी.

पसरट टबात २८ अंशांचं कोमट पाणी हनुवटीपर्यंत येईल इतकंच घ्या. नाकपुड्या पाण्याबाहेर राहिल्याच पाहिजेत, कारण अशक्त कासव उथळ पाण्यातही बुडतं. दिवसातून दोनदा २० ते ३० मिनिटं त्यात बसवा. उरलेला वेळ मऊ टॉवेल अंथरलेल्या उबदार खोक्यात ठेवा, तेही २८ अंशांच्या आसपास. पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करून लिहून ठेवा. दोन-तीन दिवसांनी ते हालचाल करू लागलं की थोडं थोडं खाणं सुरू करा. उपाशी पोटाला एकदम भरपूर देऊ नका.

सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याची वेळ मात्र पहिल्याच दिवशी घ्या. पोहताना एका बाजूला कलणं, नाकातोंडातून बुडबुडे येणं, तोंड उघडून श्वास घेणं ही न्यूमोनियाची लक्षणं आहेत. तिथे दिवसभरही थांबू नका. सुजलेले डोळे बहुतेकदा जीवनसत्त्व 'अ'च्या कमतरतेमुळे असतात, पण त्याचं इंजेक्शन जास्त झालं तर कातडी सोलून निघते, म्हणून मात्रा वैद्यानेच ठरवायची. जंतांसाठी आयव्हरमेक्टिन कधीच द्यायचं नाही. कुत्र्या-गुरांना चालणारं हे औषध कासवांचा जीव घेतं. कवचावर मऊ, पांढरट, वास येणारे डाग असतील, तर मऊ टूथब्रशने घासा, फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन लावा आणि तासभर कोरड्यात ठेवून मग पाण्यात सोडा. कवचाला खोबरेल तेल चोळू नका. त्याने कवच सुधारत नाही, मळ मात्र धरतो.

आता कायमची जागा. कवचाच्या दर सेंटिमीटरला १५ लिटर पाणी धरा, म्हणजे २० सेंटिमीटरच्या कासवाला ३०० लिटर. मादी २५ ते ३० सेंटिमीटरपर्यंत वाढते, तेव्हा काचेच्या टाकीपेक्षा मोठा प्लास्टिकचा टब परवडतो आणि टिकतो. पाण्याची खोली निदान कवचाच्या रुंदीइतकी हवी, नाहीतर उलटं पडलेलं कासव सरळ होऊ शकत नाही. तळाशी बारीक खडी नको. कासव ती गिळतं आणि आतडं तुंबतं. तळ मोकळा ठेवा किंवा त्याच्या डोक्यापेक्षा मोठे गोटे घाला.

फिल्टर माशांच्या हिशेबाने घेतला तर पाणी आठवड्यात वास मारतं. टाकीच्या दुप्पट-तिप्पट क्षमतेचा घ्या, आणि तरीही दर आठवड्याला पाव पाणी बदला. पाणी २५ ते २७ अंशांवर ठेवा. पुण्या-नाशिकच्या थंडीत हीटरशिवाय हे जमत नाही. हीटरला जाळीचं आवरण लावा, कारण कासव धडका देऊन काच फोडतं. पाणी काढण्याआधी बटण बंद करा.

पूर्ण कोरडं होता येईल असा खडबडीत ओटा हवा. विटांवर ठेवलेली शहाबादी फरशी पुरते. त्यावर ३० ते ३३ अंश उष्णता देणारा दिवा आणि शेजारी यूव्हीबी (उन्हातले अतिनील किरण) देणारी नळी, साधारण ३० सेंटिमीटर उंचीवर. यूव्हीबी मिळालं नाही तर शरीरात कॅल्शियम मुरत नाही, आणि कवच मऊ पडण्याचं मूळ बहुतेकदा तिथेच असतं. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हात यूव्हीबी जवळपास नसतंच. गॅलरीतलं सकाळचं थेट ऊन उत्तम, मात्र अर्धा टब सावलीत हवा. काचेची टाकी उन्हात ठेवली तर कासव अक्षरशः शिजतं.

खाण्यात नुसता सुका जवळा, भात किंवा पाव नको; बहुतेकांची अशी अवस्था त्यानेच होते. मोठ्या कासवाला रोज शेवग्याचा पाला, रताळ्याचा पाला, किसलेलं गाजर किंवा लाल भोपळा द्या. एक दिवसाआड सगळे मिळून त्याच्या डोक्याएवढे भरतील इतके पेलेट, म्हणजे कासवांच्या तयार खाद्याच्या गोळ्या, आणि अधूनमधून गांडूळ. पालक टाळा, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. कॅल्शियमसाठी समुद्रफेनाचा तुकडा पाण्यात तरंगत राहू द्या.

कासवाला हात लावल्यावर दर वेळी साबणाने हात धुवा आणि टबातलं पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ओतू नका. माणसाला जुलाब-ताप आणणारा साल्मोनेला हा जिवाणू निरोगी दिसणाऱ्या कासवातही असतो. वजन दर आठवड्याला त्याच काट्यावर घ्या. यूव्हीबी नळी पेटती दिसली तरी वर्षभरात बदला, कारण उजेड तसाच राहून यूव्हीबी संपलेलं असतं.