घरी दुरुस्ती केली आणि गाडी चालूच होईना? या चुका टाळा

रविवारी संध्याकाळी फोन वाजला की मला अंदाज येतो. "दादा, फक्त स्पार्क प्लग बदलले हो, बाकी कशालाच हात लावला नाही. आता चालूच होत नाही." आणि लगेच पुढचा प्रश्न, प्लगला ठिणगीचा करंट देणारी नवीन कॉइल केवढ्याला पडेल?

थांबा. काल ही गाडी स्वतःच्या चाकांवर घरी आली होती. मधल्या वेळात तिच्यात काय बदललं असेल तर ते तुमच्या हातांनी. त्यामुळे बिघाड बहुतेक वेळा तिथेच असतो, जिथे तुमचा हात गेला किंवा कोपर लागला. कॉइल, पंप, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) नेमके त्याच दुपारी आपणहून मेले असं मी फार क्वचित पाहिलंय. म्हणून मी आधी माणसाला बसवतो आणि काय काय खोललं ते क्रमाने सांगायला लावतो. एअर फिल्टरचा डबा काढला होता? मग त्याच्यावरचं सेन्सरचं कनेक्टर परत लावलं का? बॅटरी बाजूला ठेवली होती? तिच्या मायनसला दोन वायरी होत्या की एक? निम्म्या गाड्यांचा बिघाड या गप्पांतच सापडतो.

सगळ्या वायरी एकदम उपटणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. आमच्या गल्लीतल्या एका मुलाने कार्ब्युरेटरवाली जुनी मारुती ८०० घेतली होती. हौशी, कष्टाळू पोरगा. नवीन प्लग, नवीन वायरी, डेलकोची (प्रत्येक सिलिंडरला पाळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरची) नवीन कॅप, सगळं एकाच सकाळी बदलायला घेतलं. तिन्ही वायरी एकदम काढल्या आणि नव्या लावताना कॅपवर गोल फिरत एक, दोन, तीन अशा लावल्या. क्रमाने लावायच्या म्हणजे अशाच, असं त्याला वाटलं. पण या इंजिनाचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पडायचा क्रम, एक-तीन-दोन आहे. तीन वायरी सहा प्रकारे लागू शकतात, त्यातला बरोबर एकच. चार सिलिंडरच्या इंजिनात तर चोवीस प्रकार होतात.

सेल्फ मारला की इंजिन कण्हायचं, एखादा ठोका पडायचा आणि कार्ब्युरेटरमधून फाट् करून आवाज यायचा. हा आवाज म्हणजे गाडी स्पष्ट सांगत होती की ठिणगी भलत्या वेळी पडतेय. तो त्याला ऐकू आला नाही, कारण तोवर बॅटरी उतरली होती आणि तो दुसरी आणायला गेला होता. मग कॉइल बदलली. मग कार्ब्युरेटर खोलून धुतला. तिसऱ्या दिवशी कोणीतरी सांगितलं म्हणून डेलकोचा बोल्ट ढिला करून तो अंदाजाने फिरवला. इथे खरा घोटाळा झाला. आता एकाच्या जागी दोन बिघाड. वायरी बरोबर लावूनही गाडी चालू होणार नव्हती, कारण टायमिंगही, म्हणजे ठिणगी पडायची नेमकी वेळही, गेलं होतं.

मी गेलो तेव्हा प्लग पेट्रोलने ओले होते. ते पुसून वाळवले. कॉइलची वायर सोडवली, टायमिंग बेल्टच्या बाजूचा एक नंबरचा प्लग बाहेर ठेवला आणि त्या भोकावर त्या पोराचाच अंगठा धरायला लावला. मी पान्याने क्रँकची पुली हाताने हळूहळू फिरवली. अंगठा आतून ढकलला गेला, तोच कॉम्प्रेशनचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टन आतली हवा दाबत वर येतो ती वेळ. हे पाहणं गरजेचं आहे, कारण क्रँक दोन फेरे फिरते तेव्हा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) एकच फेरा घेते. पिस्टन दोनदा वर येतो, पण ठिणगी एकदाच हवी असते. तिथे टायमिंगची खूण जुळवली, डेलकोतला रोटर (आतला फिरणारा तुकडा) कॅपच्या ज्या टोकाकडे बघत होता तिथे एक नंबरची वायर लावली. रोटर कुठल्या दिशेने फिरतो ते डोळ्यांनी पाहिलं आणि त्या दिशेने पुढे तीन आणि दोन. डेलको जागेवर आणून कसला. सेल्फला हात लावताच गाडी चालू झाली. पोराच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तीन दिवस तो नीट जेवला नव्हता.

तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो: एक वायर काढा, तिथे नवी लावा, मगच दुसरीला हात लावा. सगळं काढायचंच असेल तर आधी मोबाइलवर फोटो घ्या आणि वायरींना चिकटपट्टी लावून नंबर लिहा. डेलको काढण्याआधी त्याच्या बुडाशी इंजिनवर खडूने रेघ मारा. दोन मिनिटांचं काम आहे. हे ज्याला जड जातं त्याने स्पॅनरला हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

चालू होईना म्हणून सेल्फ मारतच राहणं

पाच-सात सेकंद मारा, अर्धा मिनिट थांबा. दोन-तीन वेळा झालं नाही तर चावी खिशात. नुसता सेल्फ मारून बिघाड जात नाही. प्लग ओले होतात, सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुतलं जातं, सेल्फ तापतो. पेट्रोलचा वास भरून आला असेल तर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून एकदा मारा. बहुतेक इंजेक्शनच्या (कार्ब्युरेटर नसलेल्या) गाड्यांत तसं केलं की पेट्रोल तोडलं जातं आणि आतली हवा साफ होते.

अर्थिंगची पट्टी विसरणं

क्लच किंवा गिअरबॉक्सचं काम घरी करणाऱ्यांची ही ठरलेली चूक. इंजिनपासून बॉडीला जाणारी विणलेली पट्टी एका बोल्टखाली असते; गिअरबॉक्स चढवताना ती बाजूला लटकत राहते. मग सेल्फ मारला की नुसतं टिक्, आणि डॅशबोर्डवरचे दिवे मंद. लोक बॅटरी बदलतात, सेल्फ खोलतात. एकदा मी बोनेट उघडलं तर अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलवरून बारीक धूर निघत होता, प्लॅस्टिकचं आवरण मऊ पडलं होतं. सेल्फचा सगळा करंट परतीची वाट शोधत त्या बारक्या तारेतून जात होता. आणखी दोन वेळा सेल्फ मारला असता तर गाडी पेटली असती.

पाहायची पद्धत सोपी आहे. मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या मायनसवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरा आणि कोणालातरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर अर्थिंग खराब. पट्टी जागेवर असली तरी खालचा गंज किंवा रंग पॉलिश पेपरने घासून मग कसा. बॅटरीही त्याच वेळी बघा: पूर्ण चार्ज असेल तर १२.६ च्या आसपास, आणि सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली उतरत असेल तर आधी तिला चार्ज करा. कमकुवत बॅटरीवर केलेलं कुठलंही निदान खोटं निघतं.

बाकीच्या, थोडक्यात

इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत चावी ऑन केली की मागून दोन सेकंद पंपाची घूं ऐकू येते. नाही आली तर आधी फ्यूज बघा, पंप नंतर.

डॅशबोर्डवर चावीचं चिन्ह लुकलुकत असेल तर इमोबिलायझर (चोरी रोखणारं कुलूप) चावी ओळखत नाहीये. इंजिन खोलू नका, दुसरी चावी लावून बघा.

डिझेल फिल्टर बदलल्यावर लाइनमध्ये हवा राहते. हातपंप कडक होईपर्यंत दाबा. कॉमन रेलच्या (जास्त दाबाच्या नव्या पद्धतीच्या डिझेल) गाडीत इंजेक्टरचा पाइप ढिला करून हवा काढायची जुनी युक्ती कधीही करू नका. तिथे हजार बारच्या वर दाब असू शकतो. धार हाताच्या कातडीतून आत शिरते.

कार्ब्युरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतून चालू करणारे अजून भेटतात. मी ते कोणालाही करू देत नाही. तो फाट् आवाज आठवा आणि तिथे आपलं तोंड कुठे असतं ते बघा.

टायमिंग बेल्ट बदलला असेल तर सेल्फ मारण्याआधी पान्याने क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा आणि खुणा परत जुळतात का ते पाहा. मध्येच कुठे अडलं तर जोर लावू नका. कित्येक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हला टेकलेला असतो अशा वेळी. हाताने अडलं तर फक्त बेल्ट परत काढावा लागतो, सेल्फने अडलं तर इंजिनचं हेड (व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) उतरवावं लागतं.