पुढचं काहीच ठरलेलं नसताना फोटो कसे काढायचे

नोकरी राहील की जाईल, रिपोर्ट काय येईल, नातं टिकेल का, असं काहीतरी डोक्यात घोळत असलं की कॅमेरा हातात घ्यावासाच वाटत नाही आणि घेतला तरी काही सुचत नाही. माझं जवळजवळ दीड वर्ष असं गेलं. एकदा सगळं मार्गी लागू दे मग निवांत फोटो काढू, अशी वाट बघत बसले आणि तीच माझी चूक झाली, कारण त्या अधांतरी दिवसांत जे दिसतं ते नंतर परत दिसत नाही. म्हणून मला जे उपयोगी पडलं ते सांगते.

आधी विषय शोधायला बाहेर जाऊच नका, घरातली एक खिडकी धरा. प्रागमध्ये योसेफ सुदेक नावाचा फोटोग्राफर होता, पहिल्या महायुद्धात त्याचा उजवा हात गेला, आणि दुसऱ्या महायुद्धात शहर नाझींच्या ताब्यात असताना १९४० मध्ये त्याने आपल्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढायला घेतले ते १९५४ पर्यंत काढत राहिला. काचेवरची वाफ, थेंब, बाहेरचं एक वाकडंतिकडं झाड, एवढंच. आंद्रे केर्तेस हा दुसरा फोटोग्राफर, त्याची बायको १९७७ मध्ये गेली, त्यानंतर त्याने न्यूयॉर्कच्या फ्लॅटच्या खिडकीत काचेच्या छोट्या वस्तू ठेवून लगेच प्रिंट देणाऱ्या पोलरॉइड कॅमेऱ्याने फोटो काढले, त्यातल्या एका काचेच्या पुतळीची मान आणि खांदा बघून त्याला बायको आठवायची. हे फोटो शांतपणे बघा, घाईघाईत स्क्रोल करू नका. उद्या काय होणार हे या दोघांनाही माहीत नव्हतं पण खिडकी मात्र रोज समोर होती, मला त्यातून फार धीर आला.

तुम्ही काय करायचं, तर रोज दहा मिनिटं त्याच खिडकीशी उभं राहायचं, वेळ मिळेल तेव्हा, चांगल्या उजेडाची वाट न बघता. लेन्स एकच. ऑटोफोकस बंद करा आणि एक फोटो काचेवर फोकस करून घ्या, एक बाहेर दूरवर. काच ओली असताना थेंबांवर फोकस केला की बाहेरचं सगळं विरघळल्यासारखं दिसतं. मोबाइल असेल तर स्क्रीनवर जिथे फोकस हवा तिथे बोट दाबून धरा, बऱ्याच फोनमध्ये फोकस तिथेच लॉक होतो.

खिडकीची सवय झाली की मग हाताचा कंट्रोल थोडा सोडायचा. शटर, म्हणजे उजेड आत सोडणारा कॅमेऱ्याचा पडदा, १/४ सेकंद ते १ सेकंद उघडा राहील असा ठेवा आणि शटर उघडं असताना कॅमेरा मुद्दाम हलवा, वरून खाली किंवा चालता चालता. भर उन्हात हे जमत नाही, कारण आयएसओ (कॅमेरा उजेड किती पटकन टिपतो तो आकडा) १०० आणि एफ/१६ ला (म्हणजे लेन्सचं छिद्र बरंच लहान ठेवून) तिथे साधारण १/१२५ सेकंदच लागतो, १/४ पर्यंत यायचं तर पाच स्टॉप उजेड कमी करावा लागतो, म्हणजे पाच वेळा निम्मा. म्हणून एकतर एनडी फिल्टर, म्हणजे लेन्ससमोरची उजेड कमी करणारी काळसर काच, लावा नाहीतर सरळ संध्याकाळ होऊ द्या, मला संध्याकाळच आवडते. यात काय येईल ते आधी सांगताच येत नाही, शंभरातले चार-पाच बरे निघतात, आणि खरं सांगायचं तर त्या न कळण्याची भीती जाते ती इथेच, हातातून, कितीही विचार करून जात नाही.

आता सगळ्यात अवघड भाग. फोटो काढला की लगेच बघायचा नाही. रिव्ह्यू, म्हणजे काढलेला फोटो स्क्रीनवर आपोआप दिसणं, बंद करा, एका वेळी ३६ फ्रेम घ्या, जुन्या रोलसारख्या, आणि कार्ड रिकामं करून तो फोल्डर किमान महिनाभर उघडू नका. गॅरी विनोग्रँड हा अमेरिकन फोटोग्राफर तर रोल डेव्हलप करायला वर्ष-दोन वर्षं थांबायचा, काढतानाचा मूड फोटो निवडताना मध्ये येऊ नये म्हणून. लगेच बघितलं की आपण त्या दिवसाच्या मनःस्थितीवरच फोटोला पास-नापास करतो, वाईट दिवशी तर सगळेच डिलीट होतात. मी केलेत, अजून हळहळ वाटते.

महिन्याने बघाल तेव्हा चांगले-वाईट करत बसू नका. पन्नासेक फोटोंचे छोटे प्रिंट काढा, स्वस्तातले चालतील, जमिनीवर पसरा आणि उभं राहून वरून बघा. अर्थ काय हे विचारू नका, फक्त पुन्हा पुन्हा काय आलंय ते शोधा. एखादा रंग असेल, रिकामी खुर्ची असेल, कडेला कापली गेलेली माणसं असतील. जे तीनपेक्षा जास्त वेळा आलंय ते बाजूला काढा, पुढचा विषय तोच.

मी पहिल्यांदा पसरले तेव्हा अकरा फोटोंत अर्धवट उघडं दार होतं. एकदाही मी ते मुद्दाम फ्रेममध्ये घेतलं नव्हतं. पुढचे दोन महिने मी फक्त दारं काढली.