मे महिन्यात घरी ‘बनवाबनवी’ लावायचा असेल तर

आधी तारीख धरा. आमच्या कर्नाटकातल्या शाळा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुटतात आणि मे संपता संपता भरतात. पुण्या-कोल्हापूरच्या भाचरांना सुटी लागते ती मे महिन्यात. दोन्हीकडची पोरं एका छपराखाली सापडायला मधले तीन-चार आठवडेच मिळतात.

‘अशी ही बनवाबनवी’ आला १९८८ला, तेव्हा मी सातवीत होतो. आता बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या घरी दर उन्हाळ्यात मीच लावतो.

गच्चीवर पडदा बांधायच्या फंदात पडू नका. एका वळवात आमची चादर, प्रोजेक्टर आणि डबाभर भडंग एकदम भिजलं. घरातला सोपा, म्हणजे पुढची खोलीच बरी. चादर चार खिळ्यांना ताणून बांधा. सुरकुती राहिली की ती नेमकी अशोक सराफांच्या तोंडावर येते. स्पीकर चादरीच्या खाली ठेवा, पाठीमागं नको. लॅपटॉप भरून चार्ज करा, कारण वळवाच्या आधी करंट जातोच. सिनेमा अडीच तासांच्या वर आहे, म्हणून साडेसातला सुरू कराच.

पोरांना आधी एवढंच सांगा, की लग्न न झालेल्या पोरांना खोली मिळत नाही. बाकीचं सिनेमा सांगतो. हीच गोष्ट हृषीकेश मुखर्जींनी १९६६ला हिंदीत ‘बीवी और मकान’मध्ये सांगितली होती, पण आमच्या तोंडात बसलेत ते वसंत सबनीसांचे संवाद. आणि गोष्ट जुनी झालेली नाही. माझा पुतण्या बेंगळुरूत नोकरीला लागला, तिथं चार घरमालकांनी ‘फॅमिली ओन्ली’ म्हणून परत पाठवलं. रात्री त्याचा फोन. “काका, आता पार्वती व्हायची वेळ आली बघा.” पार्वती म्हणजे सिनेमात खोलीसाठी साडी नेसून बायको झालेले लक्ष्मीकांत बेर्डे.

बसायची व्यवस्था नीट करा. पहिल्यांदा बघणारी पोरं पुढं. ज्यांना सगळं पाठ आहे ते मागं, स्वयंपाकघराच्या दाराजवळ. आमचे मामा ‘सत्तर रुपये वारले’ पडद्याच्या दोन सेकंद आधी म्हणतात आणि पोरांचं हसू तिथंच मरतं. त्यांना एकच वाक्य मोठ्यानं म्हणायची परवानगी आहे: ‘धनंजय माने इथंच राहतात का?’ ते नाही म्हटलं तर मामा जेवत नाहीत.

कुंदा, म्हणजे आमची बेळगावची दुधाची मिठाई, आधी वाटू नका, पोरं पेंगतात. ‘कुणीतरी येणार येणार गं’ लागायच्या जरा आधी थांबवा, तेव्हा वाटा.

शेजारच्या कन्नड आज्जी एकदा नेमक्या त्या गाण्यालाच आल्या. आधीचं काही बघितलेलं नाही. चष्मा पुसून पार्वतीचं डोहाळजेवण बघत राहिल्या आणि हळूच माझ्या बायकोला विचारलं, “एष्ट तिंगळ?” कितवा महिना म्हणून! बायको पदरात तोंड घालून हसायली, सांगणार काय? पुढं लक्ष्मीकांत बेर्डेंचा विग निघाल्यावर आज्जी उठून उभ्याच राहिल्या. “अय्य, इव गंडसु!” अगं बाई, हा तर पुरुष!

तेव्हापासून त्यांना सुरुवातीपासून बोलवतो. गेल्या मे महिन्यात येताना पिशवीत खण घेऊन आल्या. पार्वतीची ओटी भरायला. नारळ आमच्या घरचा.