कोल्हापूर ते नागपूर, व्हाया मुंबई: विमानाचा वेळ मोजताना या चुका टाळा

आमच्या आत्याला कोल्हापूरहून नागपूरला लग्नाला जायचं होतं. त्या दिवशी थेट विमान नव्हतं, म्हणून दादरला घरी बसून मीच तिची मुंबईमार्गे दोन वेगवेगळी तिकिटं काढली. मधे दीड तास ठेवला. विमान अगदी वेळेवर सहारला, म्हणजे टर्मिनल 2 ला उतरलं. पुढचं होतं सांताक्रूझच्या टर्मिनल 1 वरून. उतरून बॅग हातात यायला पंचवीस मिनिटं गेली, टॅक्सीला पंधरा. ती पोहोचली तोवर काउंटर बंद झाला होता.

"अरे, सुटायला अजून पन्नास मिनिटं आहेत ना?" तिनं फोनवर विचारलं. मला उत्तर देववेना.

देशांतर्गत विमानांचे चेक-इन काउंटर साधारण तासभर आधी बंद होतात. म्हणजे माझा दीड तास प्रत्यक्षात अर्ध्या तासाचाच होता. शिवाय पीएनआर दोन. पुढचं विमान चुकलं तर आधीच्या कंपनीचा त्याच्याशी संबंध नाही, आणि बॅगही आपणच घ्यायची, आपणच पुन्हा द्यायची. एका पीएनआरवर तिकीट असेल तर पुढची सोय बघणं कंपनीवर येतं. चार पैसे जास्त पडले तरी द्यावेत, विशेषतः ज्येष्ठांसाठी.

मूळ चूक मात्र त्याआधीची, अंतराची. इंटरनेटवर कोल्हापूर–नागपूर सुमारे 700 किलोमीटर दिसतं. ती सरळ रेघ आहे. मुंबईमार्गे आधी 308 आणि मग 685, म्हणजे हजाराच्या घरात जातं. काही ठिकाणी आकडा नॉटिकल मैलांत असतो. एक नॉटिकल मैल म्हणजे 1.852 किलोमीटर, त्यामुळे मुंबई–नागपूर 370 दिसलं तर ते किलोमीटर समजू नका.

अंतराला वेगानं भागून वेळ काढणं हीही तशीच चूक. कोल्हापूरसारख्या मार्गावर पंख्याचं एटीआर असेल तर त्याचा वेग ताशी 500 किलोमीटरच्या आसपास. 308 किलोमीटरला हिशोबानं 37 मिनिटं होतात, पण तिकिटावर तासाच्या आसपास वेळ लिहिलेला असतो. नागपूरचं जेट 50 मिनिटांत पोहोचायला हवं, तिथं दीड तासाच्या आसपास लागतो. कारण तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हललं तिथपासून पलीकडे जागेवर उभं राहीपर्यंतचा असतो. त्यात रनवेपर्यंतची रांग आली, विमानाचं वर चढणं-खाली उतरणं आलं. मुंबईचे दोन रनवे एकमेकांना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येतो. गर्दीच्या वेळी घिरट्या घालाव्या लागतात. पावसाळ्यात तर त्या गृहीतच धरा.

आता आणखी एक बघायचं. 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईहूनही विमानं सुटू लागली आहेत. तिकिटावर बीओएम (जुनं मुंबई विमानतळ) आहे की एनएमआय (नवी मुंबई), हे कोड वाचल्याशिवाय पैसे भरू नका. सहारला उतरून उलव्याकडचं, म्हणजे नवी मुंबईचं विमान गाठायचं म्हणजे खाडी ओलांडून जायचं आलं.

आत्याचं परतीचं तिकीट मी एकाच पीएनआरवर काढलं आणि मुंबईत चार तास ठेवले. नागपूरचं विमान चाळीस मिनिटं उशिरा आलं. तरी तिनं निवांत बसून दशम्या खाल्ल्या आणि मग गेटवर गेली.