बर्फ पडण्यापूर्वी गाडीची तयारी आणि हिवाळाभराची निगा

ज्या प्रदेशात हिवाळ्यात पारा शून्याखाली उतरतो, तेथे गाडीची तयारी पहिला बर्फ पडण्याच्या तीन-चार आठवडे आधीच करावी. बोटे बधिर करणाऱ्या थंडीत बॉनेट उघडून नट सैल करत बसणे फार कठीण जाते आणि घाईत केलेले काम बहुधा अर्धवटच राहते.

सुरुवात बॅटरीपासून करावी, कारण थंडीत गाडी सुरू न होण्यामागे बहुतेक वेळा तीच असते. थंडीने बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते. उणे १८ अंश सेल्सिअसच्या सुमारास नेहमीच्या शिसे-आम्ल बॅटरीची सेल्फ फिरवण्याची ताकद जवळजवळ निम्मी होते, आणि नेमके तेव्हाच ऑइल घट्ट झाल्यामुळे इंजिन फिरवायला अधिक ताकद लागते. गाडी रात्रभर बंद राहिल्यावर सकाळी, सेल्फ मारण्यापूर्वी, मल्टिमीटरने व्होल्टेज पाहावे. ते १२.६ च्या आसपास असेल तर बॅटरी पूर्ण चार्ज आहे, १२.४ च्या खाली असेल तर ती चार्ज करावी आणि दोन-तीन दिवसांत पुन्हा उतरली तर बदलून टाकावी. उतरलेल्या बॅटरीतील द्रव साध्या हिवाळी थंडीतही गोठू शकतो आणि गोठलेली बॅटरी चार्ज करताना किंवा दुसऱ्या गाडीची केबल जोडून सुरू करताना फुटण्याचा धोका असतो, म्हणून बॅटरीचा डबा फुगलेला किंवा तडकलेला दिसल्यास तिला हात लावू नये.

टर्मिनलही नीट पाहावीत. त्यांच्यावर पांढरट किंवा हिरवट भुकटी साचलेली असते, ती वीजप्रवाहाला अडथळा करते. हातमोजे घालून आधी ऋण टोकाची आणि मग धन टोकाची केबल काढावी. खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने टर्मिनलवर लावला की भुकटी फसफसू लागते. फसफस थांबेपर्यंत घासावे, स्वच्छ पाण्याने पुसून पूर्ण कोरडे करावे आणि जोडताना क्रम उलटा ठेवून ऋण केबल शेवटी लावावी. वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर दिल्यास भुकटी लवकर धरत नाही.

कूलंटबद्दल, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाबद्दल, एक गैरसमज फार पसरलेला आहे, तो असा की त्यातील इथिलीन ग्लायकॉलचा अर्क जितका जास्त तितके गोठण्यापासून संरक्षण अधिक. इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी यांचे निम्मे-निम्मे मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपास गोठते, तर निव्वळ ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या सुमारासच गोठते. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत दिलेले प्रमाण पाळावे आणि ते स्वस्त तपासणी-नळीने मोजून घ्यावे. उन्हाळ्यात पातळी कमी दिसली म्हणून नुसते पाणी ओतले गेले असेल, तर हे मोजमाप टाळूच नये. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते आणि तेवढ्याने रेडिएटरच काय, इंजिनचा ब्लॉकही तडकू शकतो. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये.

ऑइल पुस्तिकेत सांगितलेल्या श्रेणीचेच घालावे. ०डब्ल्यू किंवा ५डब्ल्यू यांतील ‘डब्ल्यू’ हिवाळ्यासाठी असून त्याआधीचा आकडा जितका लहान, तितके ते ऑइल थंडीत सहज वाहते. डिझेल गाडीत हिवाळी डिझेल भरावे, अन्यथा डिझेलमधील मेण गोठून फिल्टर तुंबतो.

खर्चाला मर्यादा असेल, तर माझ्या मते आधी टायर घ्यावेत. उन्हाळी टायरचे रबर सुमारे ७ अंशांच्या खाली कडक होऊ लागते आणि मग कोरड्या रस्त्यावरही त्याची पकड कमी होते. हिवाळी टायरवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असे चिन्ह असते. ते चारही चाकांना लावावेत. इंजिनची ताकद ज्या दोन चाकांना मिळते तेवढ्यांनाच लावले, तर ब्रेक दाबताना किंवा वळणावर गाडीचे एक टोक धरते आणि दुसरे घसरते. नक्षीची खोली ४ मिलिमीटरपेक्षा कमी झाली की बर्फात टायरचा भरवसा धरू नये. तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरले की टायरमधील हवा सुमारे १ पीएसआयने कमी होते, त्यामुळे हवा महिन्यातून दोनदा तरी आणि टायर थंड असतानाच तपासावी.

काच धुण्याच्या टाकीत साधे पाणी ठेवू नये, न गोठणारा द्रव भरावा. गोठलेल्या काचेवर गरम पाणी ओतल्यास काच तडकते, म्हणून प्लॅस्टिकच्या खरवडणीने बर्फ काढावा आणि वायपर काचेला चिकटलेले असताना चालू करू नयेत. अशाने त्यांची मोटर जळते किंवा रबर फाटते. आतून वाफ धरत असेल तर गरम हवेबरोबर एसीही चालू करावा, कारण तो हवेतील ओलावा काढून घेतो.

रात्रभर बर्फ पडला असेल तर इंजिन सुरू करण्याआधी सायलेन्सरचे तोंड मोकळे करावे, हे मी अत्यंत कळकळीने सांगतो. ते बुजलेले असताना इंजिन चालू ठेवून आत ऊब घेत बसल्यास कार्बन मोनॉक्साइड गाडीत भरू शकतो. त्याला वास नसतो आणि रंगही नसतो. बंद गॅरेजमध्येही इंजिन चालू ठेवू नये. आधुनिक गाडीला जागेवर दहा-पंधरा मिनिटे तापवण्याची गरज नसते; अर्धा-एक मिनिट थांबून पहिले काही किलोमीटर हळू चालवावी.

इंधनाची टाकी निम्म्याखाली जाऊ देऊ नये आणि डिकीत फावडे, ब्लँकेट, टॉर्च, जंपर केबल व चाकाखाली टाकायला थोडी कोरडी वाळू ठेवावी. ओल्या गाडीचा हँडब्रेक गोठून अडकू शकतो, तेव्हा सपाट जागी गाडी गिअरमध्ये लावून चाकांना अडण घालणे बरे.

रस्त्यावर टाकलेले मीठ पत्रा आणि ब्रेकच्या नळ्या गंजवते, म्हणून पारा शून्याच्या वर असलेला दिवस पाहून गाडीचा खालचा भाग दर दोन आठवड्यांनी धुऊन घ्यावा. धुतल्यावर दारांचे रबर लगेच कोरडे करून त्यावर सिलिकॉन लावावे, नाहीतर तेच पाणी रात्री गोठते आणि सकाळी दार ओढताना रबर फाटून हातात येते.